वही नसलेला दिवस

महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून ज्या अभ्याससहली निघतात, त्यांचे अहवाल एका ठरावीक साच्याचे असतात. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा आणि तिसरा क्षेत्रकार्याचा, चौथ्यासमोर 'विश्रांती व स्थलदर्शन' एवढेच शब्द, पाचव्या दिवशी उरलेले काम आणि मग परतीचा प्रवास. त्या चौथ्या दिवसाविषयी अहवाल गप्प असतो. गंमत अशी, की पुढे काही वर्षांनी जुने विद्यार्थी भेटले म्हणजे बोलतात ते नेमके त्याच दिवसाबद्दल. प्रश्नावलीत किती शब्द होते हे कुणाच्या लक्षात राहत नाही; खाडीच्या चिखलात कुणाची चप्पल अडकली हे मात्र सर्वांना आठवते. सुट्टीच्या या दिवसाला अभ्यासाच्या हिशेबात काही जागा आहे का, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. रत्नागिरीतल्या एका मुक्कामाच्या आधाराने तो येथे मांडून पाहतो.

आमचा गट पश्चिम विदर्भातला. एम. ए. मराठीचे चौदा विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर मी. बोलीविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेसाठी पाच दिवसांचे क्षेत्रकार्य करायचे होते. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली ही गोष्ट. चौदांपैकी अकरा जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता. रत्नागिरी हा आपल्याच राज्यातला जिल्हा. पण ज्वारी-कापसाच्या मुलखातून दोन गाड्या बदलून कोकण रेल्वेने उतरलेल्या या मुलांना तो परदेशाहून कमी नव्हता. लाल माती, चिऱ्याच्या भिंती, घराशेजारी उतरत गेलेल्या पाखाड्या, आणि जेवणात तांदळाची भाकरी. स्टेशन ज्या कुवारबावला आहे त्या नावाच्या शेवटी 'बाव' का, असा पहिला प्रश्न रिक्षातच निघाला. बाव म्हणजे विहीर, एवढे सांगून मी गप्प राहिलो. क्षेत्रकार्याची ती चांगली सुरुवात होती.

अर्थात मराठीच्या विद्यार्थ्यांना रत्नागिरी अगदीच अनोळखी कशी असेल? टिळकांचा जन्म इथला, १८५६ सालचा. केशवसुतांचे मालगुंड इथून फार दूर नाही. आणि पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा याच गावचा. पहिले दोन दिवस आमची मुले पंचा नेसलेला, छत्री घेतलेला कोणीही म्हातारा दिसला की एकमेकांना कोपराने ढोसत होती. वाङ्मयाच्या वाचकाचे हे एक दुखणेच म्हणायचे. तो गावात पोचतो तेव्हा गाव आधीच त्याच्या डोक्यात बसलेले असते, आणि समोरचा माणूस त्या आधीच्या माणसाशी जुळतो की नाही हे तो तपासत राहतो.

आता पहिल्या दोन दिवसांच्या कामाविषयी. बोलींच्या पाहणीची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीसाठी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून नमुने मागवलेले होते. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची आणि तिच्या जोडीला शब्दांची एक ठरीव यादी भरून घ्यायची, अशी ती पद्धत. पुढे अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतून कुडाळीसारख्या बोलींवर स्वतंत्र पुस्तके निघाली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या सर्वेक्षणातले ध्वनिमुद्रित नमुने संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. आमची प्रश्नावली या थोर परंपरेच्या शेपटाला बांधलेली: नात्यांची नावे, अवयव, अवजारे, घराचे भाग, पाऊसपाणी असे दोनशे दहा शब्द, आणि चित्रांवरून सांगायची एक गोष्ट.

दोन दिवस आम्ही घरोघर फिरलो. लोकांनी पाट मांडले, कोकमाचे सरबत दिले, वेळ दिला. आणि उत्तरे दिली ती सगळी शाळेच्या पुस्तकातली. विहिरीचे चित्र दाखवले की 'विहीर'. चुलीतल्या जाळाकडे बोट केले की 'विस्तव'. आजी सांगायला लागली की तिची पदवीधर नात मध्येच म्हणायची, "आजी, नीट बोल ना, ते लिहून घेतायत." मग आजीही पदर सारखा करून नीट बोलायची. संध्याकाळी आम्ही वह्या एकत्र करून पाहिल्या, तर दोनशे दहांपैकी कसेबसे पंधरा-सोळा शब्द आम्ही घरून आणलेल्या शब्दांपेक्षा वेगळे निघाले. एका विद्यार्थ्याने फार बोलका शेरा मारला. "सर, आपण बालभारतीचा सर्व्हे केला."

अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. अमेरिकी समाजभाषावैज्ञानिक विल्यम लबाव्ह यांनी १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात तिला 'निरीक्षकाचा विरोधाभास' म्हटले आहे. कोणी ऐकत नसताना माणसे कशी बोलतात हे आपल्याला जाणून घ्यायचे असते. ते कळायला मात्र ऐकावे लागते, आणि ऐकणारा आला की बोलणे बदलते. लबाव्ह यांचे १९६३ सालचे पहिले गाजलेले काम, योगायोगाने, समुद्रकाठचेच आहे. मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट. कायमची वस्ती सुमारे ६,००० माणसांची, आणि उन्हाळ्यात सुट्टीसाठी येणारे ४०,००० हून अधिक. लबाव्ह यांच्या असे लक्षात आले, की 'हाउस', 'राइट' अशा शब्दांतले स्वर बेटावरचे काही लोक जुन्या वळणाने, मुख्य भूमीपेक्षा वेगळे उच्चारतात. आणि हे वेगळेपण सर्वांत ठळक आहे ते मासेमारी करणाऱ्यांत, बेट सोडून न जाण्याचे ज्यांनी ठरवले आहे अशांत. पाहुण्यांच्या लोंढ्यापुढे 'आम्ही इथले' हे सांगायची ती त्यांची रीत होती, आणि ती बहुतेकांच्या स्वतःच्याही ध्यानात आलेली नव्हती.

वर्गात शिकवताना हे सगळे मी अनेकदा सांगितलेले होते. रत्नागिरीत ते उलट्या बाजूने समोर आले. तिथल्या माणसांनी आपली बोली आमच्यापासून राखून ठेवली, यात नवल नव्हते; आम्हीही तेच करत होतो. आमची चौदाही मुले घरी वऱ्हाडी बोलणारी. पण कोकणातल्या परक्या ओटीवर बसल्यावर प्रत्येकाच्या तोंडी 'आपण', 'कृपया', 'सांगाल का' असली मराठी आली होती. पाहुण्याने सणाचा सदरा घालावा तशी ती घातलेली होती. समोरच्या माणसानेही मग पेटीतला सदरा काढला. दोन्हीकडे इस्त्रीचे कपडे, आणि मध्ये प्रश्नावली. वर्गातही वेगळे काही घडत नसे. ही मुले दीड वर्ष माझ्यासमोर बसत होती. त्यांच्या घरची भाषा मला ऐकू यायची ती मधल्या सुट्टीत, खिडकीबाहेरून.

चौथा दिवस सुट्टीचा होता. आमचा मुक्काम मांडवीच्या बाजूला. तिथली वाळू काळसर, म्हणून तो काळा समुद्र. जवळच पांढरा समुद्रही आहे. ही नावे मुलांना फार आवडली होती. मी आदल्या रात्री एवढेच सांगितले, की उद्या वह्या आणि रेकॉर्डर खोलीत राहतील, ज्याला जिथे जायचे असेल तिथे त्याने जावे, आणि अंधार पडायच्या आत परतावे. सकाळी सहा-सात जणांचा एक घोळका भाट्याच्या पुलाकडे निघाला. मीही त्यांच्या मागून गेलो.

पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. आठच्या सुमारास काजळी नदीच्या मुखाशी पाणी खूप उतरलेले, आणि उघड्या पडलेल्या रेतीच्या पट्ट्यावर पाच-सहा बाया वाकून तिसऱ्या काढत होत्या. हाताने वाळू उकरायची, बोटांना शिंपला लागला की टोपलीत टाकायचा. आमच्या मुलांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि कोणी न बोलावता ती चिखलात उतरली. पहिल्या पाच मिनिटांत एकाची चप्पल गेली. दुसऱ्याच्या तोंडावर वाळू उडाली आणि तो कळवळून ओरडला, "आबे, डोयात रेती गेली!" वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो हे पुस्तकात वाचलेले होते, त्या बायांनी मात्र ते वाचलेले नव्हते. त्यांना 'डोई' ऐकू आली. डोक्यात वाळू गेली म्हणून हा मुलगा एवढा का ओरडतो, या विचाराने त्या हसायलाच लागल्या. तो डोळे चोळत समजावून सांगू लागला, आणि समजावणे जितके वऱ्हाडीतून होत गेले तितके हसणे वाढले. दोन दिवसांत प्रथमच आमच्याशी कोणी इतके हसत होते.

मग बोलणे सुरू झाले. "कुठलं गो तुमी?" इथपासून ते कापूस कसा वेचतात इथपर्यंत. एक पोक्त बाई, त्यांना सगळ्या जणी काकी म्हणत होत्या, त्या मुलींना टोपली कशी धरायची ते दाखवू लागल्या. समुद्राकाठच्या वाळूला त्या 'पुळण' म्हणाल्या, ओहोटीला 'सुकती'. "सुकती हाय तवर काढायच्या, भरती लागली की वर यायचं." यावर आमचा एक जण म्हणाला, "काकी, आमच्याकडे भरती म्हनजे पोलीस भरती." दोन वर्षे तो तीच देत होता. काकींनी पुळणीवर लांब धावणाऱ्या तीन-चार पोरांकडे हात केला. त्यांतला एक त्यांचा पुतण्या, आणि तोही त्याच भरतीसाठी रोज सकाळी धावत होता. शब्दांचा एक खेळ म्हणून निघालेली गोष्ट अशी एकदम दोन्ही घरांच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. कोणी काही बोलले नाही. मग आमचा मुलगा उठला आणि त्या धावणाऱ्या पोरांकडे गेला. शर्यतीची वेळ, उंचीची अट, लेखी परीक्षा यांवर त्यांचे बोलणे पुष्कळ वेळ चालले होते.

नऊ-साडेनऊला पाणी चढू लागले तशा काकी मुलींना घरी घेऊन गेल्या. मागीलदारी चूल होती. मोठ्या टोपात पाणी ठेवून त्यांनी त्यात तिसऱ्या ओतल्या. आधण आले की शिंपले आपोआप उघडतात, आणि मग एका शिंपेला मांस ठेवून दुसरी काढून टाकायची, त्याची एकशिपी होते, हे सांगत असताना लाकडे धुमसली. काकी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "इस्तव इझला बघ, फुंक जरा."

मोर्शीकडची एक विद्यार्थिनी फुंकणी घेऊन बसली होती. ती फुंकायची थांबली. "काकी, माही आजीबी इस्तोच म्हनते."

हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. आदल्या दोन दिवसांत आठ घरांतून आम्हांला 'विस्तव' हा शब्द मिळालेला होता. 'इ'कारापुढे 'व' गळून पडणे हे वऱ्हाडीचे लक्षण म्हणून ग्रिअर्सनच्या खंडात नोंदलेले आहे: विस्तव तो इस्तो, वीस ते ईस. कोकणातल्या खेड्यांच्या बोलण्यातही ते आहे. इतर पुष्कळ ग्रामीण मराठीत आहे. पण आमच्या वहीत ते आले नाही, कारण आम्ही ज्या भाषेत विचारले त्या भाषेत उत्तर आले. राज्याच्या पूर्वेकडची एक आजी आणि पश्चिमेच्या टोकावरची एक काकी एकच शब्द जवळपास एकाच तऱ्हेने उच्चारतात, आणि दोघीही परक्यापुढे तो लपवतात. मधल्या शाळेने दोघींनाही सांगितलेले असते, की तो अशुद्ध आहे. काकींनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मग तुमी पन आमच्यातलीच की गो." ती मुलगी नंतर दुपारपर्यंत वऱ्हाडीतच बोलत होती, माझ्याशीसुद्धा. दीड वर्षात प्रथमच.

दुपारी आम्ही थिबा राजवाड्याकडे गेलो. बर्मी राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. आज दिसतो तो वाडा १९१० साली बांधून झाला. जेमतेम सहा वर्षे त्यात राहून थिबा १९१६ साली वारला. आपल्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवले, तो तिथे १८६२ साली वारला. आणि तिकडचा राजा इकडे आणला. साम्राज्याने दोन राजांची अशी अदलाबदल केली. तीस वर्षे काहीही काम नसलेला हा माणूस समुद्राकडे बघत बसे, असे मार्गदर्शक सांगतात. सुट्टीच्या दिवसाचे इतके भीषण रूप दुसरे नसेल.

पण सकाळच्या प्रसंगामुळे मुलांचे कुतूहल राजापेक्षा त्याच्या मुलींकडे वळले होते. त्या चार राजकन्या इथे वाढल्या आणि मराठी बोलू लागल्या. त्यांना ती कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकवली नसणार. वाड्यात वावरणाऱ्या नोकरमाणसांच्या, दायांच्या बोलण्यातून ती त्यांच्याकडे आली असणार. १९१९ साली राणी आणि कुटुंब ब्रह्मदेशात परतले. थोरली राजकन्या मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच वारली. तिची मुलगी इथल्याच माणसांत मिसळून, मराठीच बोलत जगली. मंडालेच्या राजघराण्याची भाषा दोन पिढ्यांत रत्नागिरीची झाली. आमच्यातल्या एकीने विचारले, "सर, थोरली राजकन्या 'विस्तव' म्हणत असेल की 'इस्तव'?" याचे उत्तर कोणत्याही दफ्तरात मिळायचे नाही, प्रश्न मात्र अस्सल भाषाभ्यासकाचा होता, आणि तो प्रश्नावलीतून आलेला नव्हता.

खरा पेच रात्री उभा राहिला. जेवणे झाल्यावर एका विद्यार्थ्याने खिशातून एसटीचे तिकीट काढले. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत तेवीस शब्द लिहिलेले होते: सुकती, पुळण, इस्तव, मागीलदार, मासळीची नावे, आणि बायांच्या आपसातल्या बोलण्यातले काही. वही नव्हती, म्हणून त्याने परत येताना आठवून लिहिले होते. दोन दिवसांच्या वह्यांपेक्षा हे तिकीट मोलाचे आहे, ते उद्या मुख्य यादीत घ्यावे, असे त्याचे म्हणणे. फुंकणीवाली मुलगी एकदम म्हणाली, "काकींनी आपल्याला चहा दिला. शब्द नाही दिले."

यावर पुष्कळ वाद झाला, आणि वाद चांगला झाला. तिकीटवाल्याची बाजू अशी: शब्द काय काकींच्या मालकीचे आहेत? ते बोलीचे आहेत, सगळ्या गावाचे आहेत. कुणाचे गुपित आपण फोडत नाही. उलट हे शब्द नोंदले नाहीत तर आणखी वीस वर्षांनी त्या पदवीधर नातीच्या तोंडी ते असणार नाहीत. मुलीची बाजू अशी: आपण गेलो ते पाहुणे म्हणून. वही पुढे असती तर काकी 'विस्तव' म्हणाल्या असत्या. म्हणजे 'इस्तव' हा शब्द त्यांनी आपल्याला वही नाही असे पाहून दिला. तोच आता वहीत घालायचा, तर वही न नेणे ही एक युक्तीच ठरते. "मग उद्यापासून प्रत्येक सर्व्हेवाला सुट्टीचं सोंग घेऊन जाईल," ती म्हणाली.

मला या वादात निवाडा देणे सोपे नव्हते. ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घ्यावी, हा आता भाषिक क्षेत्रकार्याचा सर्वमान्य नियम आहे. पण नियम सांगून प्रश्न मिटला नसता. कारण त्या मुलीचा आक्षेप संमतीच्या कागदापुरता नव्हता. विश्वासाने सैल झालेल्या जिभेवरचे शब्द आपण कोणत्या नात्याने उचलतो, हे ती विचारत होती. शेवटी ठरले ते असे, की सकाळी दोघांनी भाट्याला परत जावे आणि तिकीट काकींना वाचून दाखवावे. त्या म्हणतील तेवढे ठेवावे.

पाचव्या दिवशी दोघे अकराच्या सुमारास परतले. काकी आधी खूप हसल्या, ह्यात लिहिण्यासारखे काय आहे म्हणून. मग त्यांनी सगळी यादी दोनदा वाचून घेतली. एक शब्द काढायला लावला. ते शेजारणीला ठेवलेले नाव होते आणि आमच्या मुलाने तो माशाचा प्रकार समजून लिहिला होता. दुसऱ्या एका शब्दापाशी त्या थांबल्या. लहान टोपलीचे ते नाव. "ह्यो हितला न्हवं, माज्या म्हायेरचा," त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर जयगडच्या खाडीपलीकडचे. लग्न होऊन चाळीस वर्षे झाली तरी टोपलीला त्या माहेरच्याच नावाने हाक मारत होत्या. भाट्याचा शब्द वेगळा होता, आणि तोही त्यांनी सांगितला. याशिवाय आणखी सात-आठ शब्द स्वतः होऊन घातले. शेजारणीला हाक मारून दोन दुरुस्त करून घेतले. आमचा 'स्थळ : भाट्ये' हा रकाना जसा होता तसा भरला असता, तर एका स्त्रीच्या बोलण्यातली माहेर-सासरची शीव पुसून गेली असती. बोलीच्या नकाशावर गावे ठिपक्यांनी दाखवतात. त्या ठिपक्यांतल्या निम्म्या बायका दुसऱ्या ठिपक्यांवरून आलेल्या असतात, ही गोष्ट काकींनी एका टोपलीवरून शिकवली.

म्हणून संमती हा केवळ सभ्यतेचा भाग आहे असे मला आता वाटत नाही. विचारल्याने ज्ञान अधिक खरे होते. न विचारता घेतलेल्या तेवीस शब्दांत एक चुकीचा होता आणि एक चुकीच्या गावाला लावलेला. विचारल्यावर यादी तिशीपर्यंत गेली, आणि ती काकींचीही झाली. वहीशिवायचा दिवस दार उघडतो, हे खरेच. आत जाऊन जे दिसले ते बाहेर न्यायचे, तर दुसऱ्या दिवशी त्याच दारावर पुन्हा थाप मारावी लागते. हे दोन दिवस एकमेकांना जोडलेले असले, तरच त्याला क्षेत्रकार्य म्हणता येईल.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसाठी यातून आणखी एक वाट निघते. कादंबरीकार हे काम फार पूर्वीपासून करत आले आहेत. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ सालचा, परतवाड्याचा. म्हणजे आमच्याच मुलखातला. बालपण विदर्भात काढलेल्या या लेखकाने १९५५ साली 'पडघवली' लिहिली, आणि ती सबंध कादंबरी कोकणातल्या एका गृहिणीच्या, अंबावहिनीच्या, बोलण्यातून सांगितली. हे बळ शब्दसूचीतून येत नाही. माणसांत राहून, त्यांच्या ओटीवर आणि चुलीपाशी बसून जो कान तयार होतो, त्यातून ते येते. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. तिच्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात. आमच्या मुलांनी ती अभ्यासक्रमात वाचलेली, परीक्षेत तिच्या 'प्रादेशिकते'वर उत्तरे लिहिलेली. ज्या बोलीवर आपण दहा गुणांचे उत्तर लिहितो ती आपल्या घरी बोलली जाते, आणि ती वर्गात उच्चारायला आपण लाजतो, हा विसंवाद कुणी उघड बोलून दाखवला नव्हता. परतीच्या गाडीत त्यावर पहाटेपर्यंत बोलणे चालले, आणि ते बोलणे वऱ्हाडीत चालले.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने शिलालेख, ताम्रपट आणि ग्रंथ यांची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एका भाषेचे वय चुलीपाशीही मोजता येते. आजी नीट बोलू लागली की ते वय झाकले जाते.

त्या सहलीचा अहवाल आम्ही रीतसर दिला. काकींची यादी त्यात आहे, त्यांच्या परवानगीने आणि त्यांनी सांगितलेल्या दोन गावांच्या नोंदीसह. भरतीवाला मुलगा पुढे त्या पुतण्याशी फोनवर बोलत असे; कोणत्या जिल्ह्यात किती जागा निघाल्या हे दोघे एकमेकांना कळवत. मोर्शीकडच्या मुलीने लघुप्रबंधासाठी आधी एका ज्येष्ठ कादंबरीकाराची निवड केली होती. तिने विषय बदलला. संत्र्याच्या बागेत आणि चुलीपाशी बायका वापरतात ते शब्द तिने घेतले, आणि पहिली निवेदक म्हणून आपल्या आजीचे नाव घातले. पहिल्याच भेटीत आजीने तिला विचारले होते, की हे तू शुद्धात लिहिणार का. तिने जे उत्तर दिले ते प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे: "नाही आजी, तू बोलतं तसंच."